सरकारी गाड्या आणि बायोडिझेल: गैरसमज आणि वस्तुस्थिती

धाराशिव जिल्ह्यात आठ तालुके आहेत. जिल्हा परिषद, पंचायत समित्या आणि नगरपालिकांच्या आवारात रोज डिझेल लागणाऱ्या गाड्या उभ्या दिसतात: घंटागाड्या, पाण्याचे टँकर, रुग्णवाहिका, अग्निशमन बंब, अधिकाऱ्यांच्या जीप. त्या बायोडिझेलवर चालवाव्यात का, हा विषय निघाला की दोन टोकांची मतं ऐकू येतात. कुणी म्हणतं, इंजिनाची वाट लागेल. कुणी म्हणतं, सोयाबीनचा जिल्हा आहे, डिझेल शेतातच पिकेल. दोन्ही मतांमागे माहिती अपुरी आहे. पैसा लोकांच्या करातून जाणार असल्यामुळे ती आधी नीट करून घेतलेली बरी.

गैरसमज: बायोडिझेल म्हणजे इथेनॉलच.

वस्तुस्थिती: साखर कारखान्यांच्या भागात ही गल्लत होणं साहजिक आहे. पण इथेनॉल हे उसाचा रस, मळी किंवा धान्यापासून बनणारं अल्कोहोल आहे आणि ते पेट्रोलमध्ये मिसळतात. नागपुरात 2014 साली इथेनॉलवर बस धावली, तेव्हा तिला त्यासाठी खास बनवलेलं इंजिन होतं. बायोडिझेल बनतं तेलापासून किंवा चरबीपासून, आणि ते मिसळतात डिझेलमध्ये.

गैरसमज: खाद्यतेल गाळून टाकीत ओतलं की झालं बायोडिझेल.

वस्तुस्थिती: 1900 साली पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं, हे खरं. पण कच्चं तेल डिझेलपेक्षा कितीतरी पट दाट असतं. आजच्या इंजिनात ते इंजेक्टर तुंबवतं आणि काजळी साठवतं. म्हणून तेलात मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा घालून ते तापवतात. ग्लिसरीन खाली बसतं, वर राहतं ते बायोडिझेल. 100 किलो तेलाला साधारण 10 ते 11 किलो मिथेनॉल लागतं आणि जवळपास 100 किलो बायोडिझेल हाती येतं. ते धुऊन, त्यातलं पाणी काढून, तपासून घेतल्याशिवाय गाडीत घालायचं नसतं.

गैरसमज: बायोडिझेलने इंजिन खराब होतं आणि ॲव्हरेज पडतं.

वस्तुस्थिती: उत्तर प्रमाणावर अवलंबून आहे. आपल्याकडच्या डिझेलच्या मानकातच 7 टक्क्यांपर्यंत बायोडिझेलला मुभा आहे. 6 ते 20 टक्के मिश्रणासाठी आयएस 16531 हे वेगळं मानक आहे. मात्र 7 टक्क्यांच्या वर जायचं तर गाडी बनवणाऱ्या कंपनीची लेखी संमती हवी. ऊर्जेचा हिशेब असा: शुद्ध बायोडिझेलमध्ये लिटरमागे सुमारे 7 ते 8 टक्के ऊर्जा कमी असते, त्यामुळे 20 टक्के मिश्रणात घट भरते एक-दोन टक्क्यांची. लिटरला 10 किलोमीटर जाणारी जीप 9.8 च्या आसपास जाईल. उलट बायोडिझेलला अंगचं वंगण असल्याने पंप आणि इंजेक्टर कमी झिजतात.

काळजी मात्र घ्यावी लागते. बायोडिझेल जुन्या टाकीतला गाळ सोडवतं, म्हणून सुरुवातीला फिल्टर लवकर बदलावा लागतो. नैसर्गिक रबराच्या नळ्या त्याने फुगतात. ही अडचण फार जुन्या गाड्यांची आहे, आणि 15 वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी 1 एप्रिल 2023 पासून रद्दच झाली आहे. पाम तेलापासून बनलेलं शुद्ध बायोडिझेल 13 ते 15 अंशांच्या आसपास गढूळ होऊ लागतं. धाराशिवच्या डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटे पारा त्याखाली जातो, म्हणून थंडीत मिश्रणाचं प्रमाण कमी ठेवावं.

गैरसमज: हायवेवर ‘बायोडिझेल’ची पाटी लावून मिळतं ते स्वस्त आणि खरं.

वस्तुस्थिती: या क्षेत्राची सर्वांत मोठी बदनामी इथेच झाली. औद्योगिक वापराची पेट्रोलियमजन्य द्रव्यं बायोडिझेलच्या नावाने विकणाऱ्या पंपांवर गुजरात आणि महाराष्ट्रात छापे पडले. केंद्राने 2019 मध्ये किरकोळ विक्रीची मार्गदर्शक तत्त्वं काढली, राज्यानेही 2021 मध्ये आपलं धोरण आणलं. खरं बायोडिझेल आयएस 15607 या मानकात बसतं आणि 100 अंशांच्या वर तापवल्याशिवाय त्याची वाफ पेट घेत नाही. तपासणीत त्याहून खूपच कमी तापमानाला पेट घेणारा माल आढळला, तर तो परत पाठवावा.

गैरसमज: आपल्या सोयाबीनवर सरकारी गाड्या चालतील.

वस्तुस्थिती: एक क्विंटल सोयाबीनमधून निघतं सुमारे 18 किलो तेल, म्हणजे बायोडिझेल होईल साधारण 20 लिटर. 2025-26 साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये आहे. पेंडीचे पैसे वजा केले तरी हे इंधन डिझेलपेक्षा महागच पडेल. शिवाय देश आपल्या गरजेचं निम्म्याहून जास्त खाद्यतेल आयात करतो. ताटातलं तेल टाकीत घालणं योग्य नाही.

मोगली एरंडाचा अनुभवही विसरू नये. 2003 मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने पडीक जमिनीवर त्याची लागवड सुचवली आणि 20 टक्के मिश्रणाचं स्वप्न पाहिलं. पण पाणी आणि निगा यांच्याशिवाय अपेक्षेइतकं बी धरलं नाही. आज 2030 पर्यंतचं उद्दिष्ट 5 टक्क्यांचं आहे आणि प्रत्यक्ष मिश्रण एका टक्क्याच्याही आत राहिलं आहे.

आपल्या हाताशी असलेला खरा कच्चा माल आहे तळणीचं वापरलेलं तेल. तुळजापुरात वर्षभर भाविक येतात. सोलापूर–धुळे आणि सोलापूर–हैदराबाद या महामार्गांवर हॉटेलं आणि ढाबे आहेत. वारंवार तळल्याने तेलात वाढणारे पोलर घटक 25 टक्क्यांवर गेले की ते खाण्यासाठी वापरू नये, असा नियम 1 जुलै 2018 पासून आहे. असं तेल पुन्हा कढईत किंवा गटारात जाण्यापेक्षा इंधनासाठी गेलं, तर लोकांची तब्येत आणि गावाची गटारं दोन्ही वाचतात.

गैरसमज: बायोडिझेलचा धूर निरुपद्रवी असतो.

वस्तुस्थिती: अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या 2002 मधल्या विश्लेषणानुसार 20 टक्के मिश्रणात धुरातले कण सुमारे 10 टक्के घटतात, पण नायट्रोजनचे ऑक्साइड सुमारे 2 टक्के वाढतात. फायदा आहे, पण मर्यादित.

मग सुरुवात कुठून करावी?

रोज धावणाऱ्या घंटागाड्या आणि टँकरपासून. बायोडिझेल साठवणीत लवकर जुनं होतं आणि पाणी शोषून घेतं. म्हणून आठवडेच्या आठवडे उभा राहणारा अग्निशमन बंब आणि जिच्यावर जीव अवलंबून असतो ती रुग्णवाहिका यांना या प्रयोगातून वगळावं. आधी 5 टक्के मिश्रण, मग वर्षभराची नोंदवही: किती लिटर, किती किलोमीटर, किती फिल्टर. निविदेत एक अट ठळक असावी, की प्रत्येक खेपेसोबत प्रयोगशाळेचा तपासणी अहवाल आल्याशिवाय माल उतरवून घ्यायचा नाही. वर्षाअखेरीस ती नोंदवही लोकांसमोर ठेवली, तर पुढचं पाऊल 10 टक्क्यांचं असावं की इथेच थांबावं, हे जिल्ह्याला स्वतःच्या आकड्यांवरून ठरवता येईल.