तांब्यावरचे सत्तर रुपये

२१ सप्टेंबर २०२५, रविवार, सर्वपित्री अमावास्या. पितृपक्षात नाशिकच्या भांडी बाजारात गिऱ्हाईक फारसं फिरकत नाही, पण दुसऱ्या दिवशी घटस्थापना, त्यामुळे संध्याकाळी पाचनंतर गर्दी लोटली. मी ज्या दुकानाचे हिशेब लिहिते, तिथे गल्ल्याशेजारी लॅपटॉप उघडून बसले होते. रात्री बारानंतर तांब्या-पितळेच्या भांड्यांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर उतरणार होता आणि सॉफ्टवेअरमधला एकेक माल मला नव्या दरावर न्यायचा होता.

एका आजींनी तांब्याचा कलश निवडला. दुकानाच्या मालकांनी, काकांनी, तो काट्यावर ठेवला, वजन वाचून दाखवलं. हजार रुपये, वर कर एकशे वीस. आजींची सून बातम्या ऐकून आली होती. तिने विचारलं, "उद्या हाच कितीला?"

"एक हजार पन्नास."

"पण घट तर सकाळीच बसायचाय," आजी म्हणाल्या.

काकांनी क्षणभर विचार केला आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "उद्या सहाला उघडतो. आज पसंत करा, बाजूला ठेवतो." नावाची चिठ्ठी कलशात टाकली. नऊ वाजेपर्यंत मागच्या फळीवर असे वीसेक कलश जमले. मला काकांचं कौतुक वाटलं. सुट्या, वजनावर विकल्या जाणाऱ्या भांड्यावर छापील किंमत नसते. कर उतरला हे गिऱ्हाइकाला दिसायचं, तर ते दुकानदारानेच दाखवावं लागतं.

दुकानातला माल १२ टक्के कर भरून आलेला होता, पण काकांना त्याची धास्ती नव्हती. भरलेला कर क्रेडिट म्हणून खात्यात राहतो. एकाच मालाचा दर मधेच उतरला म्हणून तो रोख परत मिळत नाही, पुढच्या विक्रीच्या करातून वळता होतो. काकांच्या दुकानात मिक्सरही आहेत, त्यांच्यावर १८ टक्के लागतो, म्हणजे हे क्रेडिट तिथे खपून जाणार. गल्लीतल्या एका छोट्या दुकानदाराचं मात्र तसं नव्हतं. त्यांनी कॉम्पोझिशन घेतलेली: दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीला एक टक्का कर, हिशेब सोपा, पण क्रेडिट मिळत नाही. शेजारच्या दुकानाच्या दराने विकायचं तर आधी भरलेले १२ टक्के खिशातून गेले. "नवरात्र आहे, गिऱ्हाईक कसं परत पाठवू?" एवढंच ते म्हणाले.

ते कलश जिथे घडतात तिथे मी पुढच्या आठवड्यात गेले. जुन्या नाशकातल्या तांबट लेनमध्ये ठोक्यांचा आवाज वळणावरूनच येऊ लागतो. ज्यांचे हिशेब मी लिहिते ते भाऊ घागर मठारत होते. घागर लोखंडी दांड्यावर तोललेली, डाव्या हाताने ती केसभर फिरवायची आणि उजव्या हाताने ठोका. ठोक्याला ठोका लागून बसला पाहिजे, मधे जागा राहिली तर तिथे अंधार दिसतो. तांबं तापवलं की मऊ पडतं, ठोके खाल्ले की कडक होतं. मठारकामाने भांडं नुसतं चमकत नाही, टणकही होतं. मी तासभर बसले, तेवढ्यात घागरीच्या खांद्याभोवती चार ओळी पुऱ्या झाल्या.

पत्र्याची बिलं एका पत्र्याच्या डब्यात. मी ती वहीत उतरवली. घडलेल्या भांड्यावर ५ टक्के, पण तांब्याच्या पत्र्यावर १८ तसेच. लाखाचा पत्रा घेतला की १८ हजार कर भरायचा. त्याची भांडी समजा एक लाख चाळीस हजारांना गेली, तर ५ टक्क्यांनी कर सात हजार. अकरा हजार क्रेडिट पडून. जुन्या १२ टक्क्यांत विक्रीचा कर सोळा हजार आठशे व्हायचा, बाराशे उरायचे. भाऊंकडे मिक्सर नाहीत. हे अकरा हजार कशातून वळते करायचे?

नोंदणी नसती तर? वस्तू विकणाऱ्याला ४० लाखांपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. पण तांबटाची उलाढाल म्हणजे बहुतेक धातूचीच किंमत. तांबं महागलं की एक घागर जास्त न घडवताही माणूस ती रेघ ओलांडतो, आणि त्या हिवाळ्यात तांबं जगभर कडाडलं. आजींचे वाचले तसे सत्तर रुपये नंतरच्या गिऱ्हाइकांचे त्यात विरले असतील. प्राप्तिकराचं भाऊंना ओझं नाही, नव्या रचनेत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही. त्यांची कमाई त्याच्या कितीतरी खाली आहे. त्यांची अडचण कराची नाही, अडकलेल्या भांडवलाची आहे.

कायद्याने यावर वाट ठेवली आहे. कच्च्या मालावर जास्त आणि तयार मालावर कमी दर असेल, तर उरलेलं क्रेडिट परत मागता येतं. ३ सप्टेंबरला ज्या बैठकीत जीएसटी परिषदेने हे दर ठरवले, त्याच बैठकीत ज्यांच्या अर्जात धोका कमी दिसतो त्यांना अशा परताव्याचे ९० टक्के आधीच देण्याचंही ठरलं. मी पहिला अर्ज भरला. तो त्रुटी दाखवून परत आला, कारण पत्रा विकणाऱ्याने आपलं विवरणपत्र वेळेत भरलं नव्हतं आणि ते बिल पोर्टलवर दिसत नव्हतं. चूक भाऊंची नव्हती, पण थांबायचं त्यांनीच. पत्र्यावरचा दरही ५ टक्के असता, तर या अर्जाची वेळच आली नसती, हे मी भेटेल त्याला सांगते.

जानेवारीत पुन्हा अर्ज भरला. ओटीपी भाऊंच्या फोनवर आला. हातोडा मांडीवर ठेवून काळवंडलेल्या बोटांनी त्यांनी फोन उचलला, सहा आकडे वाचले आणि विचारलं, "ताई, पैसे कधी?"

"साठ दिवसांत आदेश यायला हवा."

३१ ऑक्टोबर २०२६ ला रामकुंडावर सिंहस्थाचं ध्वजारोहण, २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान. गोदेचं पाणी घरी न्यायला लोकांना तांब्याचे गडू लागतात आणि ते आधीपासून घडवून ठेवावे लागतात. भाऊंनी बोटांवर महिने मोजले, मग फोन काकांना लावला. "पत्रा तुम्हीच पाठवा. मी घडवून देतो."

फेब्रुवारीपासून भाऊंच्या बिलात माल नाही. गडूमागे घडणावळ, एवढी एकच ओळ मी लिहिते.