अणुकेंद्रीय अपघात : दायित्व व नुकसानभरपाई

अणुविक्रियकातील किंवा अणुइंधनाच्या वाहतुकीतील अपघातामुळे जीवित, आरोग्य व मालमत्ता यांची जी हानी होते, तिची भरपाई कोणी, किती व कोणत्या न्यायालयामार्फत करावी, हे ठरविणारी आंतरराष्ट्रीय विधिशाखा. किरणोत्सर्गी द्रव्ये वाऱ्याबरोबर सीमेपलीकडे जातात व कर्करोगासारखे परिणाम पुष्कळ वर्षांनी प्रकट होतात. त्यामुळे हयगय सिद्ध करून भरपाई मागण्याचा अपकृत्य विधीतील नेहमीचा मार्ग येथे फारसा उपयोगी पडत नाही.

पश्चिम यूरोपीय देशांचा पॅरिस करार (१९६०) व आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा अभिकरणाच्या विद्यमाने झालेला व्हिएन्ना करार (१९६३, अंमल १९७७ पासून) हे या विधीचे मूलाधार होत. दोहोंनुसार दोष सिद्ध न होताही केवळ परिचालक दायी ठरतो, त्याला विमा वा अन्य आर्थिक हमी ठेवावी लागते आणि सामान्यतः अपघातस्थळाच्या देशातील न्यायालयासच अधिकारिता असते. युद्ध व यादवी यांतून उद्‌भवलेली हानी वगळलेली आहे. याच्या मोबदल्यात परिचालकाच्या दायित्वास मर्यादा घालता येते. मूळ व्हिएन्ना करारात तिची किमान पातळी अवघी ५० लाख डॉलर (१९६३ च्या सुवर्णमूल्यानुसार) व दाव्याची मुदत सामान्यतः १० वर्षे होती. आपद्‌ग्रस्तांच्या संरक्षणाइतकीच नव्या उद्योगाच्या संरक्षणाची चिंता या रचनेमागे होती, हे उघड आहे.

२६ एप्रिल १९८६ च्या चेर्नोबिल अपघाताने तिच्यातील उणिवा दिसून आल्या. सोव्हिएट संघ दोन्ही करारांबाहेर होता व त्याने अन्य राष्ट्रांना भरपाई दिली नाही. स्वीडनमधील रेनडियरपालक सामी व ब्रिटनमधील मेंढपाळ यांची नुकसानी त्यांच्या स्वतःच्या शासनांनाच सोसावी लागली. पुढे १९८८ च्या संयुक्त संलेखाने दोन्ही करार जोडले गेले. १९९७ च्या संलेखाने व्हिएन्ना करारातील किमान मर्यादा ३० कोटी विशेष आहरण अधिकारांपर्यंत, तर मृत्यू व शारीरिक इजा यांच्या दाव्यांची मुदत ३० वर्षांपर्यंत वाढली. त्याच वर्षी सामायिक निधीची तरतूद करणारा पूरक भरपाई करारही झाला. तो २०१५ मध्ये अंमलात आला. फुकुशिमा दुर्घटनेच्या वेळी (२०११) जपान कोणत्याही करारात नव्हता. तेथील १९६१ च्या कायद्यानुसार मात्र परिचालकाचे दायित्व अमर्याद होते.

भारताने २०१० मध्ये केलेल्या कायद्यात परिचालकाची मर्यादा १,५०० कोटी रुपये होती. भरपाई दिल्यावर सदोष सामग्रीबद्दल पुरवठादाराकडून वसुली करण्याचा हक्कही त्याने परिचालकास दिला. भोपाळ वायुदुर्घटनेची (१९८४) स्मृती या तरतुदीमागे होती. ती पूरक कराराशी विसंगत असल्याचा आक्षेप परदेशी पुरवठादारांकडून घेतला गेला; तरीही भारताने २०१६ मध्ये त्या कराराचे अनुसमर्थन केले.