परतीचा हिशेब

समुद्रावर ड्रोन दूर पाठवताना ‘बॅटरी निम्मी झाली की वळवू’ असं आपण म्हणतो. हा तर्क वाऱ्याला विसरतो. पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. ड्रोनचा हवेतला वेग सेकंदाला १५ मीटर आणि वाऱ्याचा ५ धरू. जाताना वेग २०, येताना १०. म्हणजे ६ किलोमीटर जायला ५ मिनिटं, परतायला १०! अंतर तेच, वेळ दुप्पट. म्हणजे एक तृतीयांश बॅटरी संपण्याआधीच आपण वळायला हवं.

शिवाय ड्रोनच्या पोटाखालचा कॅमेरा खालचा पृष्ठभाग स्थिर मानून जागा धरतो. हलत्या लाटा ते गृहीतकच मोडतात. जमिनीवर गृहीतक चुकलं तर ड्रोन निदान उतरवता येतो. पाण्यावर ती सवलत नाही. म्हणून हिशेब निघण्याआधीच करायचा, आणि तोही परतीपासून.