कोरलेला आकडा दिसू द्या

ठाणे-भिवंडी रस्त्यावरील पूर्णा हे गोदामांचे गाव. अशा ठिकाणी जड माल उचलणाऱ्या साखळी-कप्पीवर ती किती भार पेलते, तो आकडा कोरलेला असतो. धूळ आणि ग्रीस बसले की तो दिसेनासा होतो. मग ओझे अंदाजाने टांगले जाते. अंदाज चुकला तर जीव जातो तो खाली उभ्या असलेल्या कामगाराचा! म्हणूनच १९४८ च्या कारखाने कायद्याच्या २९ व्या कलमाने असा आकडा स्पष्ट दिसणे सक्तीचे केले होते.

उपाय सोपा आहे. आधी ओझे उतरवावे. खाच ब्रशने घासून थिनरने पुसावी. तेल राहिले तर रंग धरत नाही. खाचेत ऑइलपेंट भरून वरचा रंग पुठ्ठ्याच्या कडेने काढावा व रात्रभर वाळू द्यावा. दुसऱ्या दिवशी सपाट लाकडाला कापड घट्ट गुंडाळून, थिनरचा हलका हात फिरवावा. सैल कापडाने खाचेतला रंगही निघतो. थिनरजवळ विडी-काडी नको. हुकावर नवा आकडा मात्र कोरू नये. घावाने तो कमकुवत होतो.

बंधूंनो, ज्याला वाचता येते त्याने तो आकडा सोबत्यांनाही वाचून दाखवावा. मगच साखळी ओढावी.