ताडपत्रीपुरती बचत

पावसाळ्याआधी झोपडीवर घालायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा, म्हणून रोज थोडे पैसे साठवायचे. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या म्हसवडमधल्या एका लोहारकाम करणाऱ्या बाईचा बेत एवढाच होता. बँकांनी खातं उघडायला नकार दिला. रक्कम फारच किरकोळ!

मग सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हा यांनी बायकांचीच बँक काढायचं ठरवलं. परवान्याचा अर्ज रिझर्व्ह बँकेने फेटाळला, कारण प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. बायका अक्षरं गिरवू लागल्या आणि पुन्हा जाऊन म्हणाल्या, कोणतीही मुद्दल सांगा, व्याज तोंडी काढून दाखवतो. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

हातावर पोट असणाऱ्याला बचतीची अक्कल नसते, हा पांढरपेशा गैरसमज इथे उघडा पडतो. अडचण वेगळीच होती. बँकेत जायचं म्हणजे दिवसाचा रोज बुडणार, म्हणून बँकच दारी येऊ लागली.

आणि पासबुक? ते घरात दिसलं की नवऱ्याला शिल्लक कळते. आर्थिक नियोजनाच्या पुस्तकांत ही जोखीम सहसा सापडत नाही.