बहुप्रोसेसर संगणकावरील डाटाबेस सर्व्हरचा परवाना : महाविद्यालयीन खरेदीच्या संदर्भात

प्रस्तावना :

पवनीसारख्या तालुक्याच्या ठिकाणी महाविद्यालयाची खरेदी समिती सर्व्हरचे दरपत्रक तपासताना प्रोसेसर, मेमरी व हमीचा कालावधी पाहते. डाटाबेसच्या परवान्याकडे सहसा शेवटी लक्ष जाते. वस्तुतः परवान्याची रक्कम यंत्राच्या किमतीच्या कित्येक पट होऊ शकते. असे का घडते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

मोजमापाचे एकक :

परवाना मुख्यतः दोन प्रकारे मोजला जातो : वापरकर्त्यांच्या संख्येवरून किंवा यंत्राच्या प्रोसेसरवरून. एका प्रोसेसरमध्ये अनेक कोअर, म्हणजे स्वतंत्र गणनकेंद्रे, येऊ लागली तेव्हा 'प्रोसेसर' कशास म्हणावे हाच प्रश्न निर्माण झाला. कोअर कितीही असोत, प्रोसेसर एकच मोजू, अशी भूमिका मायक्रोसॉफ्टने २००४ मध्ये घेतली. ऑरॅकल प्रत्येक कोअर मोजत असे. २००५ मध्ये तिने गुणकाची सवलत दिली. पुढे एसक्यूएल सर्व्हर २०१२ पासून मायक्रोसॉफ्टही कोअर मोजू लागली, तेही प्रत्येक प्रोसेसरमागे किमान चार.

समजा, यंत्रात १६ कोअरचे दोन प्रोसेसर आहेत. एसक्यूएल सर्व्हर २०२२ च्या स्टँडर्ड आवृत्तीची जाहीर किंमत दोन कोअरना ३,९४५ डॉलर होती. म्हणजे ३२ कोअरना ६३,१२० डॉलर. गंमत अशी की ही आवृत्ती २४ पेक्षा अधिक कोअर वापरूच शकत नाही. उरलेल्या आठांचे पैसे मात्र द्यावे लागतात. ऑरॅकल एंटरप्राइझच्या बाबतीत इंटेलसाठी ०.५ हा गुणक लावून १६ प्रोसेसर होतात; ४७,५०० डॉलर या जाहीर दराने ७,६०,००० डॉलर. शैक्षणिक सवलतीने रक्कम घटते, मोजण्याची रीत तीच राहते. आपल्या जिल्ह्यातील राईस मिलला वापरलेल्या युनिटांखेरीज मंजूर भारावरही वीज आकार द्यावा लागतो, तसाच हा प्रकार. येथे तर युनिटांचा हिशेबच नाही.

वापरकर्त्यांवर आधारित परवाना लहान संस्थेस स्वस्त वाटतो. परंतु ग्रंथालयाची सूची विद्यार्थ्यांना संकेतस्थळावर खुली केली की प्रत्येक विद्यार्थी वापरकर्ता ठरतो. मध्ये दुसरी प्रणाली असली तरी मोजणी कमी होत नाही. ही अट फार थोड्यांच्या लक्षात येते.

ग्रंथालयापुरता विचार :

इन्फ्लिबनेटचे 'सोल २.०' एसक्यूएल सर्व्हर वा मायएसक्यूएलवर चालते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या 'ई-ग्रंथालय'ने ४.० आवृत्तीत पोस्टग्रेएसक्यूएल स्वीकारले. 'कोहा' मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी वापरते. पोस्टग्रेएसक्यूएल व मारियाडीबी या मुक्त प्रणालींना कोअरची संख्या अप्रस्तुत आहे. त्या सांभाळणारा जाणकार मनुष्य मात्र हवा, आणि तालुक्याच्या गावी तोच दुर्मीळ असतो. एसक्यूएल सर्व्हरची एक्सप्रेस आवृत्तीही विनामूल्य आहे. २०२२ च्या आवृत्तीत तिची मर्यादा चार कोअर व प्रत्येक डाटाबेसला १० जीबी अशी आहे. पन्नास हजार ग्रंथांच्या नोंदी तीत सहज मावतात.

सशुल्क प्रणालीच घ्यावयाची असल्यास मागणीपत्रात कोअरची संख्या आणि परवान्याचे एकक स्पष्ट लिहावे. चार कोअरच्या एकाच प्रोसेसरवर वरील स्टँडर्ड आवृत्तीचा परवाना ७,८९० डॉलरमध्ये भागतो.