विश्लेषण : संगणक सुरूच होत नाही? फॉरमॅटआधी करता येण्याजोगा उपाय

लॅपटॉपचे बटण दाबले, कंपनीचे बोधचिन्ह आले आणि पुढे फक्त निळा पडदा. अशा वेळी पहिला सल्ला मिळतो तो फॉरमॅटचा. पण विंडोज बिघडले म्हणजे डिस्कमधील फोटो, दुकानाचे हिशेब किंवा प्रबंध गेलाच, असे नाही. बऱ्याचदा एक पेनड्राइव्ह हे सारे वाचवू शकतो.

रिकव्हरी पेनड्राइव्ह म्हणजे काय?

संगणक सुरू होताना मदरबोर्डवरील प्रोग्राम डिस्कवरील विंडोज शोधून चालू करतो. विंडोजच्या आवश्यक फाइल्स खराब झाल्या, की गाडी तिथेच अडते. रिकव्हरी पेनड्राइव्हमध्ये दुरुस्तीपुरते छोटे विंडोज असते. संगणक त्यावरून सुरू करून आतला बिघाड दुरुस्त करता येतो. पूर्वी हे काम सीडी-डीव्हीडी करत.

तो तयार कसा करायचा?

संगणक चांगला चालू असतानाच. विंडोज १० किंवा ११ च्या सर्चमधून ‘क्रिएट अ रिकव्हरी ड्राइव्ह’ उघडा, सिस्टीम फाइल्सच्या पर्यायावर खूण राहू द्या आणि किमान १६ जीबीचा पेनड्राइव्ह लावा. त्यातील जुने सर्व पुसले जाते. संगणक आधीच बंद पडला असल्यास दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरील ‘मीडिया क्रिएशन टूल’ने ८ जीबीचा पेनड्राइव्ह बनवता येतो.

वापरायचा कसा?

पेनड्राइव्ह लावून संगणक सुरू करताना बूट मेन्यूचे बटण दाबा. कंपनीनुसार ते एफ१२, एफ९ किंवा एस्केप असते. ‘ट्रबलशूट’मधून ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जा. आधी ‘स्टार्टअप रिपेअर’, नंतर ‘सिस्टीम रिस्टोअर’ करून पाहा. या दोन्हींत तुमच्या वैयक्तिक फाइल्स पुसल्या जात नाहीत. ‘रिकव्हर फ्रॉम अ ड्राइव्ह’ला मात्र हात लावू नका. त्याने सर्व डेटा जातो.

बिटलॉकरची की का महत्त्वाची?

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडल्याचा अंदाज मायक्रोसॉफ्टने वर्तवला होता. भारतातही काही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. मायक्रोसॉफ्टने पेनड्राइव्हवरून दुरुस्ती करण्याचे साधन दिले, पण बिटलॉकरने कुलूपबंद डिस्कसाठी ४८ अंकी रिकव्हरी कीही लागत होती. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये असे कुलूप आपोआप लागते. की बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ती आजच कागदावर उतरवून ठेवा.

हा उपाय केव्हा चालत नाही?

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर बिघाड यंत्रातच आहे. संगणक लगेच बंद करा आणि डेटा रिकव्हरीच्या जाणकाराकडे न्या. तेव्हा पेनड्राइव्ह उपयोगाचा नाही. कामी येतो तो वेगळ्या डिस्कवर घेतलेला बॅकअपच.